विसरण म्हणजे काय विसरायचं?

लालबागच्या माझ्या क्लासात दरवर्षी कुणीतरी हात वर करतंच: "सर, डिफ्युजनला मराठीत विसरण, मग काय विसरायचं?" पालकांचा प्रश्न वेगळा असतो. हाच इंग्रजी शब्द समाजशास्त्रात गेला की त्याचा 'प्रसार' कसा होतो? परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहितोय.

व्युत्पत्ती पाहिली तर दोन्ही शब्दांचा काही संबंध नाही. विसरण 'सृ' धातूचं, विसरणं 'स्मृ'चं. पण ही गफलत मला फार आवडते.

ग्लासभर पाणी अर्धा तास निवांत ठेवा आणि पोटॅशियम परमँगनेटचा एक खडा अलगद सोडा. जांभळी रेघ उमटते, तळाशी रंग साचतो, मग तासन्तास ढिम्म. पाण्याचे रेणू प्रत्येक कणाला इकडून तिकडून ढकलत असतात. आधीचा धक्का कुठून आला ते त्याच्या लक्षात नाही, पुढे गर्दी कमी आहे हेही ठाऊक नाही. तरी रंग पसरतो, कारण दाटीतून बाहेर पडायला कण जास्त असतात आणि परत यायला कमी. हेच विसरण. अडॉल्फ फिक या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ साली याचा नियम मांडला, आइनस्टाइनने १९०५ मध्ये त्या धक्क्यांचा हिशेब केला. त्या हिशेबात दुप्पट अंतराला चौपट वेळ लागतो.

म्हणूनच पाठ्यपुस्तकात विसरणाचं उदाहरण म्हणून दिलेली उदबत्ती मला खटकते. हवा अगदी स्तब्ध असेल, तर दहा फुटांच्या खोलीत वास पोचायला कित्येक दिवस लागतील. आमच्या चाळीत शेजारच्या सुक्या बोंबलांची वर्दी दोन मिनिटांत येते, ती वाऱ्याची आणि पंख्याची कृपा.

आता समाजातल्या प्रसारासाठी वडापाव घ्या. बटाटा आणि मिरची मूळची अमेरिका खंडातली, पाव पोर्तुगीजांचा. 'बटाटा' आणि 'पाव' हे शब्दही त्यांच्याकडूनच आले. ते कुणीतरी जहाजात भरलं, कुणी लावलं, कुणी खाऊन पाहिलं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका शेतकऱ्यांमध्ये कसा पसरला याचा रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्रज्ञांनी अभ्यास केला, १९४३ साली तो छापून आला. बियाण्याची बातमी शेतकऱ्यांना बहुतेक वेळा विक्रेत्याकडून कळली होती, पण भरवसा बसला तो शेजाऱ्यामुळे. रेणूला शेजाऱ्याचं शेत दिसत नाही, हेवाही वाटत नाही. म्हणून समाजशास्त्रात मी 'प्रसार'च म्हणतो.

मुलांना हे सगळं सांगतो आणि वर बजावतो: पेपरात उदबत्तीच लिहा, मार्क तिलाच आहेत.