रात्री सरकणारे पीक: कॉलमच्या तापमानाचा माझा अनुभव

मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध डायमिथिलअमाइन हायड्रोक्लोराइड आणि डायसायनडायमाइड यांच्यापासून बनते, त्यामुळे त्यात उरलेले डायमिथिलअमाइन आम्हाला आयन क्रोमॅटोग्राफीने (द्रावणातले आयन वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने) मोजावे लागते. कार्बॉक्सिलिक गटाचा धनायन कॉलम (आयन धरून ठेवणाऱ्या रेझिनने भरलेली नळी), मिथेनसल्फोनिक आम्लाचे इल्युएंट (नमुना कॉलममधून वाहून नेणारे द्रावण) आणि सप्रेसर (डिटेक्टरआधी इल्युएंटची विद्युतवाहकता कमी करणारा भाग) एवढी जुळणी दोन दिवसांत झाली.

अडलो ते रात्रीच्या रनमध्ये. दिवसा नीट ओळखू येणारे डायमिथिलअमाइनचे पीक (आलेखावरचा उंचवटा) रात्री लवकर येऊ लागे, ठरवलेल्या वेळेच्या पट्ट्यातून बाहेर पडे आणि अहवालात ‘आढळले नाही’ असे उमटे. सकाळी तोच नमुना पुन्हा लावला की पीक जागेवर! आम्ही इल्युएंट तीनदा नव्याने बनवले, पंपाची सील बदलली, सप्रेसरवरही संशय घेतला. खोली रात्री तापते का, असे विचारल्यावर देखभाल कार्यालयाने सकाळी दहा आणि दुपारी चारच्या नोंदींची वही पुढे केली: दोन्ही वेळा २३ अंश. वातानुकूलन रात्री आठला बंद होते, हे त्या वहीत कुठेच नव्हते, आणि ते चालू ठेवण्याच्या अर्जावर सही मिळण्यात सोळा दिवस गेले. त्या सोळा दिवसांचा राग अजून माझ्या मनात आहे, कारण तोवर शेवटी मीच एका रात्री थांबून थर्मामीटर वाचला होता: ३१ अंश.

आमचा कॉलम ओव्हन ३० अंशांवर लावलेला होता, पण तो फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. खोलीच त्याच्याहून गरम झाली की त्याचे नियंत्रण संपते. अमाइन कॉलमवर केवळ विद्युतभारामुळे थांबत नाही, त्याचे अल्किल गट रेझिनलाही चिकटतात, म्हणून तापमान बदलले की सोडियम-पोटॅशियमच्या तुलनेत ते वेगळ्या प्रमाणात सरकते.

ओव्हन ४० अंशांवर नेला आणि रात्र-दिवसाचा फरक मिटला. पीकची मागची शेपटी आखडली आणि दाबही उतरला, कारण पाण्याची श्यानता (वाहण्यास होणारा विरोध) २५ अंशांना ०.८९ मिलिपास्कल-सेकंद असते, ती ४० अंशांना ०.६५ च्या आसपास येते. सारेच आयन लवकर येऊ लागल्याने इल्युएंट थोडे विरळ करावे लागले. ते पहिले रात्रभराचे सरळ क्रोमॅटोग्राम पाहून मला फार समाधान वाटले.

तापमान बदलण्याआधी कॉलमच्या माहितीपत्रकातील कमाल मर्यादा अवश्य वाचावी, आणि बदलल्यावर बेसलाइन (पीक नसतानाची आलेखाची रेषा) स्थिरावेपर्यंत नमुना लावू नये. इल्युएंट कॉलममध्ये शिरण्यापूर्वीच तापलेले हवे, नाहीतर पीक रुंदावते. शिवाय सप्रेसरनंतर अमाइन दुर्बल आम्लारीच्या रूपात डिटेक्टरपर्यंत पोहोचते, म्हणून त्याचा कॅलिब्रेशन आलेख (ज्ञात प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेला) वक्र येतो. तो सरळ रेषेत बसवू नये. प्रमाणित द्रावणे प्लास्टिकच्या बाटल्यांत ठेवावीत, काचेतून सोडियम झिरपते. ओव्हनचा आकडा मात्र खोलीच्या सर्वाधिक तापमानापेक्षा किमान पाच अंशांनी वर असावा, आणि ते सर्वाधिक तापमान रात्री मोजलेले असावे.