एकाच लॉटमधल्या टॉर्च, काही मंद होतात, काही होत नाहीत

आमचं भोसरी एमआयडीसीत छोटं युनिट आहे, एलईडी टॉर्च बनवतो. माल जास्त करून शेतकऱ्यांकडं जातो, कारण जुन्नर-आंबेगावकडं शेतीची लाईट रात्रीची असली की उसाला पाणी द्यायला रात्रीच जावं लागतं, बिबट्याचा भाग तो, आणि तिथं हातातली टॉर्च मध्येच मंद झाली तर माणसानं करायचं काय? शिवाय टॉर्च चिखलात पडते, पाटात पडते, म्हणून आतलं ड्रायव्हर सर्किट, म्हणजे एलईडीला ठरलेला करंट देणारं सर्किट, आम्ही पूर्ण इपॉक्सीत (ओतल्यावर सुकून कडक होतं ते) बुजवतो, म्हणजे पॉटिंग करतो.

मे महिन्यात तक्रार आली की टॉर्च चालू केली की थोड्या वेळात उजेड उतरतो. ड्रायव्हर फार तापला तर करंट आपोआप कमी होतो, ती सोय आम्हीच ठेवलीय, नाहीतर पार्ट जळतील. पण विचित्र हे की एकाच लॉटमधल्या काही टॉर्च उतरत होत्या आणि काही भर उन्हाळ्यात फुल उजेडावर निवांत चालत होत्या. पीसीबी म्हणजे सर्किटचा बोर्ड तोच, सेल तोच, इपॉक्सीचा डबापण तोच.

शेठनी त्याच दिवशी एका सप्लायरला बोलावलं होतं. त्यानं डेटाशीट पुढं केली, म्हणे तुमचं इपॉक्सी १ वॅट पर मीटर केल्विनचं आहे (हा उष्णता वाहून नेण्याचा नंबर, जितका जास्त तितकं चांगलं), आमचं २ चं घ्या, गरमीचा प्रश्नच मिटला. भाव जवळजवळ दुप्पट. शेठ म्हणाले, "घेऊन टाकू का रे?" मी म्हटलं, शेठ, आज संध्याकाळपर्यंत थांबा, कारण १ नंबरवालंच जर काही टॉर्चमध्ये नीट काम करतंय तर प्रश्न नंबरचा नाहीये.

मग मी पॉटिंग टेबलवर जाऊन बसलो. तिथल्या ताई बोलता बोलता म्हणाल्या, "सर, नवा डबा उघडला की पहिले कप पातळ येतात, छान ओततात, आणि शेवटी शेवटी नुसता रगडा राहतो." ह्या एका वाक्यात सगळं होतं. उष्णता वाहून नेणारं इपॉक्सी म्हणजे साध्या रेझिनमध्ये ॲल्युमिनाची पूड घातलेली असते, पूड जवळपास ४ ग्रॅम प्रति घनसेंमी आणि रेझिन १.१ ते १.२, त्यामुळं डबा गोडाऊनमध्ये पडून राहिला की पूड तळाला जाऊन बसते. तळापर्यंत ढवळायला ताईंना कुणी सांगितलंच नव्हतं, डब्यावर बारीक इंग्रजीत लिहिलेलं.

खात्री करायला परत आलेले पॉटिंगवाले मॉड्यूल वजनकाट्यावर ठेवले. जे हलके ते सगळे मंद होणारे, जे जड ते चांगले! मला खरंच काटा आला अंगावर. मग एक हलकं आणि एक जड हॅकसॉनं मधोमध कापून पॉलिश पेपरवर घासलं. जडवालं आतून पांढरट, भरीव. हलक्यात पूड नावालाच, आणि नख दाबलं तर वण उठत होता, कारण वरच्या थरात पूड कमी म्हणजे तेवढ्याच वजनात रेझिन जास्त, हार्डनर, म्हणजे रेझिन सुकवणारा दुसरा भाग, मात्र आपण ठरलेल्या वजनानंच घालतो, तो कमी पडतो आणि माल धड सुकतच नाही.

बिनपुडीचं इपॉक्सी असतं ०.२ च्या आसपास. आमचा ड्रायव्हर १० वॅटचा, त्यातला साधारण १ वॅट आतच गरमी होतो. बोर्ड साधारण ३ चौरस सेंमी, बोर्ड आणि बॉडीमध्ये ५ मिमी इपॉक्सी, त्या थरात १ नंबरवाल्याला अंदाजे १७ डिग्री फरक पडतो आणि ०.२ वाल्याला ८० च्या वर. (एलईडीची गरमी ह्यात धरायची नाही बरं का, ती तांब्याच्या प्लेटमधून सरळ बॉडीत जाते, पॉटिंग फक्त ड्रायव्हरसाठी. हा गोंधळ खूप लोक करतात.)

आणि हेच गणित पुढं नेलं की २ नंबरवालं घेऊनही ५ मिमीला ८ डिग्री राहतात, पण लेथवर बॉडीच्या आत एक कडा ठेवून अंतर दीड मिमीवर आणलं तर आहे त्याच इपॉक्सीत ५ वर येतो. सप्लायरनं सॅम्पल ठेवलं होतं ते ओतूनपण बघितलं, पूड एवढी ठासलेली की श्रीखंडासारखं, कॉइलच्या खाली जाईना, व्हॅक्यूममध्ये ठेवूनही बुडबुडे अडकलेले, आणि हवेचा नंबर ०.०२६! मग त्या २ चा उपयोग काय?

शेठना कापलेले दोन्ही तुकडे हातात दिले, जास्त बोलावं लागलं नाही. टर्नरला नवीन ड्रॉइंग गेलं, फक्त सोल्डरचे टोक कड्याला टेकणार नाहीत एवढी जागा सोडून. इपॉक्सी आहे तेच ठेवलं, पण आता छोट्या डब्यात मागवतो, म्हणजे एका शिफ्टमध्ये संपतं. ताई डबा उघडला की तळापासून ढवळतात आणि प्रत्येक डब्याच्या पहिल्या आणि शेवटच्या मिक्सचं ठरलेलं माप कपात ओतून वजन करतात, दोन वजनं जुळली नाहीत तर तो लॉट पुढं जात नाही, आणि तो थांबवायचा अधिकार शेठनी ताईंनाच दिलाय.