लेक गार्डन्सची बंद गल्ली

लेक गार्डन्स स्टेशनवर लोकलमधून उतरले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. कोलकात्यात आलेली माणसं व्हिक्टोरिया बघतात, हावडा पूल बघतात, मला कवी आणि प्रकाशक पी. लाल राहायचे तो परिसर बघायचा होता. फोनमधल्या नकाशाने तिसऱ्यांदा एका भिंतीसमोर नेऊन उभं केलं आणि मला हसूच फुटलं. लालांच्या गोष्टीत बंद गल्लीला भलताच मान आहे.

भारतीयांची इंग्रजी कविता म्हणजे कुठेही न पोचणारी बंद गल्ली, असा शेरा बंगाली कवी बुद्धदेव बसूंनी १९६३ मध्ये मारला होता. लालांनी तो शेरा कवींपुढेच ठेवला, त्यांची उत्तरं मागवली आणि १९६९ मध्ये शंभरावर कवींचा जाडजूड संग्रह काढला. भांडावं तर असं!

लाल स्वतः कवी. इथल्या सेंट झेवियर्स कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. १९५८ मध्ये काही मित्रांसोबत त्यांनी ‘रायटर्स वर्कशॉप’ हे प्रकाशन सुरू केलं आणि पुढे २०१० मध्ये जाईपर्यंत ते घरूनच चालवलं. आपल्या मुंबईच्या निसीम इझिकेलांचा ‘द अनफिनिश्ड मॅन’ हा कवितासंग्रह १९६० मध्ये इथूनच आला, आदिल जस्सावालांचा पहिला संग्रहही. लेखकाने स्वतःच्याच पुस्तकाच्या प्रती विकत घ्यायच्या, या लालांच्या अटीवर पुष्कळांनी नाकं मुरडली. मला ती अट खटकत नाही. अनोळखी कवीवर पैसे लावायला दुसरं कोण बसलं होतं?

आदल्या दिवशी कॉलेज स्ट्रीटच्या फूटपाथवर रायटर्स वर्कशॉपचं एक जुनं पुस्तक मिळालं होतं. बांधणी हातमागाच्या साडीच्या कापडाची, वर सोनेरी अक्षरं. शीर्षकाची अक्षरं लाल स्वतः काढायचे, बोरूने लिहिल्यासारखी ठसठशीत. पान उलटून मागून बोट फिरवलं, तर छपाईच्या खिळ्यांचा उठाव अजून लागतो.

गल्ली शेवटी सापडली. पाहण्यासारखं फार काही नव्हतं: शांत घरं, झाडं, एक झोपलेलं कुत्रं. दहा मिनिटं रेंगाळले नि परत फिरले.

परतीच्या लोकलमध्ये शेजारच्या बाईंचं लक्ष माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे गेलं. त्यांनी ते हातात घेतलं, उघडलं, आत कविता दिसताच मिटलं, आणि मग बराच वेळ अंगठ्याने त्याचा काठ चाचपत बसल्या.