आमची वाटचाल : पीएच टिकवण्याचा धंदा

सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत आमचे एक छोटे शेड आहे आणि तेथे आम्ही बफर द्रावणे, म्हणजे थोडे ॲसिड किंवा अल्कली पडली तरी पीएच (आम्लता दाखवणारा आकडा; सातच्या खाली आम्ल, वर अल्कली) फारसा हलू न देणारी द्रावणे, तयार करतो. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर मी काही वर्षे टॉवेल रंगवणाऱ्या एका डाईहाउसमध्ये प्रयोगशाळा सांभाळत होतो. व्यवसायाची कल्पना तेथेच, एका मगामुळे सुचली.

टॉवेल पेरॉक्साइडने ब्लीच केल्यावर त्यावरची बारीक लव काढण्यासाठी सेल्युलेज हे एन्झाइम वापरतात. आम्ही वापरत असलेल्या आम्लधर्मी सेल्युलेजला पीएच ४.५ ते ५.५ आणि तापमान ५० ते ५५ अंश लागते. आमचे रंगमास्तर ॲसेटिक ॲसिडचा मग मशीनमध्ये ओतत, पीएच पेपर ५ दाखवी आणि पंधरा मिनिटांनी तोच पेपर साडेसहा दाखवी, कारण कापसाच्या धाग्याच्या आत अडकलेला कॉस्टिक (कॉस्टिक सोडा, तीव्र अल्कली) हळूहळू बाहेर येई आणि बोअरच्या पाण्यातले बायकार्बोनेटही ॲसिड खात असे. तेव्हा ॲसिडचा आणखी एक मग पडे आणि पीएच चारच्या खाली जाई. ॲसेटिक ॲसिड अल्कलीला भेटले की तेथेच ॲसिटेट तयार होते. म्हणजे मास्तर नकळत बफरच करत होते, फक्त त्यात कशाचे प्रमाण किती आहे, हे कोणालाच ठाऊक नसे. ते प्रमाण मोजून, तयार करून विकावे, एवढाच आमचा मूळ विचार होता.

पहिल्या गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न मला आजही योग्य वाटतो. “साहेब, ॲसिडचा एखादा थेंब टाकला की माझे पाणीही तेवढाच पीएच दाखवते, मग पैसे कशाचे घेता?” उत्तर म्हणून आम्ही त्यांच्याच टेबलावर दोन ग्लास ठेवले. एकात शुद्ध पाणी होते आणि त्याचा पीएच हायड्रोक्लोरिक ॲसिडने साधारण ४.७६ वर आणला होता. दुसऱ्यात ॲसेटिक ॲसिड आणि सोडियम ॲसिटेट, प्रत्येकी लिटरला ०.१ मोल (मोल म्हणजे रेणूंची ठरावीक संख्या). दोन्ही २०० मिलिलिटर. प्रत्येकात ०.२ ग्रॅम सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट, एक अल्कली) टाकली. पहिल्या ग्लासात पीएच मीटरचा काटा ११ च्या आसपास गेला, दुसऱ्यात जेमतेम ०.२ ने हलला. पहिल्यात एका लिटरमागे फक्त ०.७ मिलिग्रॅम कॉस्टिक शमवण्याइतके ॲसिड होते, म्हणजे आकडा होता, पण त्यामागे शिल्लक नव्हती.

ही शिल्लक ॲसिडच्या दुर्बलपणातून येते. ॲसेटिक ॲसिडचे ०.१ मोलरचे द्रावण घेतले, तर त्यातील सुमारे १.३ टक्केच रेणू विघटित होऊन हायड्रोजन आयन सोडतात. बाकीचे अखंड राहतात. ॲसिटेट घातल्यावर ते विघटन आणखी दबते. गल्ल्यात थोडी रोकड आणि बँकेत मोठी ठेव, असा हा प्रकार आहे. अल्कलीने आयन उचलले की अखंड रेणू फुटून ते भरून काढतात, आणि उलट ॲसिड आले तर ॲसिटेट ते आयन पकडते. पीएच ठरतो तो ॲसिटेट आणि ॲसिड यांच्या गुणोत्तरावर. दोन्ही समान असतील तर तो ॲसिडच्या पीकेए (ॲसिड किती दुर्बल आहे हे सांगणारा ठरावीक आकडा) इतका, म्हणजे ४.७६ येतो. हेंडरसन आणि हॅसलबाख यांचे हे सूत्र कागदावर नेटके असले, तरी प्रत्यक्ष मीटरवर आयनांच्या परस्पर ओढीमुळे आकडा थोडा खाली दिसतो. पाणी वाढवले तर गुणोत्तर जवळपास तेच राहते, पण शिल्लक पातळ होते, म्हणून मोठ्या मशीनसाठी आम्ही डोस पाण्याच्या लिटरवर नव्हे, तर कापडातील अल्कली टायट्रेशनने (ती शमवायला किती ॲसिड लागते हे पाहून) मोजून ठरवतो.

आमची सर्वांत मोठी चूक पोत्याची होती. सोडियम ॲसिटेट पाण्याच्या तीन रेणूंसह येते, तेव्हा एका मोलचे वजन १३६ ग्रॅम भरते. निर्जल आले तर ८२. एकदा पुरवठादाराने निर्जल माल पाठवला आणि आमच्या माणसाने सवयीने जुन्याच वजनाने तो तोलला, त्यामुळे ॲसिटेट १.६६ पट झाले आणि पीएच ०.२ ने वर गेला. मीटरने तो दाखवलाही होता, पण मीटरचा इलेक्ट्रोड (द्रावणात बुडवायची कांडी) जुना झाल्याचे आम्ही रोज म्हणत असल्यामुळे दोष त्याच्या माथी गेला. गिऱ्हाइकाकडे बाथचा, म्हणजे मशीनमधल्या पाण्याचा, पीएच अर्ध्या वेळात साडेपाच ओलांडून गेला आणि पूर्ण लॉटची लव तशीच राहिली. लेबल न वाचल्याची चूक आमची होती; लॉट पुन्हा प्रक्रियेला घेण्याचा खर्च आम्हीच सोसला.

त्या प्रसंगानंतर मीटरकडे लक्ष गेले आणि त्यातूनच दुसरे उत्पादन सुरू झाले : कॅलिब्रेशनची, म्हणजे मीटर तपासून जुळवण्याची, ठरावीक पीएचची द्रावणे. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटच्या द्रावणाचा ४.०१ हा पीएच २५ अंशांवरचा असतो आणि सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये २५ अंश मिळत नाहीत, म्हणून प्रत्येक बाटलीवर तापमानाचा तक्ता छापतो. जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळा आज ही द्रावणे घेतात, कारण तेथे उसाच्या रसाचा पीएच सातच्या आसपास राखावा लागतो. पीएच १० चे द्रावण मात्र आम्ही १०० मिलिलिटरच्याच बाटलीत देतो, कारण उघडल्यावर ते हवेतील कार्बन डायऑक्साइड ओढते आणि काही दिवसांत खाली घसरते. मोठी बाटली मागणारे बरेच असतात. आम्ही नकार देतो आणि छोट्या दोन घ्या, असे सांगतो.

निर्जल आणि सजल ॲसिटेटची पोती आता शेडच्या समोरासमोरच्या भिंतींना असतात आणि वजन लिहिण्यापूर्वी त्याच वहीत पोत्यावरचे लेबल उतरवून घेतले जाते.