सफेद मुसळीची कुंडी रिकामी नसते

आमच्या टेरेसवर एक कुंडी आहे, वर्षातले निम्म्याहून जास्त महिने त्यात नुसती माती दिसते आणि घरी येणारं प्रत्येकजण विचारतं की यात अजून काही लावलं नाही का. लावलंय ना, सफेद मुसळी आहे, झोपलीये.

चांगले दोन-चार पाऊस झाले की जमिनीलगत लांब पात्यांचा झुबका येतो, मधून एक दांडा वर जातो आणि त्यावर पांढरीशुभ्र फुलं, सहा पाकळ्या, सहा पिवळे पुंकेसर. घरात स्पायडर प्लांट असेल तर त्याचं फूल नीट बघा, ही त्याचीच चुलत बहीण, दोघींची प्रजाती (जीनस) एकच, क्लोरोफायटम. त्यातल्या एका जातीचं नावच क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम, म्हणजे आपल्या बोरिवलीवरून! मला याचं फार अप्रूप वाटतं.

जात ओळखायची खरी खूण मात्र मातीखाली असते. बोरिव्हिलियानमची जाड मुळं थेट बुडापासून घोसाने फुटतात, आणि क्लोरोफायटम ट्युबरोसम या दुसऱ्या जातीत आधी दोऱ्यासारखं मूळ, मग त्याच्या टोकाला गाठ लटकलेली. रानकांद्यासारखा कांदा दोघींनाही नसतो. पण हे बघायला डोंगरावरचं रोप उपटू नका प्लीज, औषधासाठी उपटून उपटून जंगलातली मुसळी आधीच कमी झालीये. फोडशी म्हणून भाजीला हवी असेल तर वर्षानुवर्षं ती खुडणाऱ्या माणसाकडूनच ओळखून घ्या, फोटोवरून नको.

माझं पहिलं रोप मीच मारलं. ऑक्टोबरात पानं पिवळी पडली, मला वाटलं पाणी कमी पडतंय म्हणून रोज घालत राहिले आणि खाली मुळं सगळी कुजली. पानं वाळणं हे तिचं दरवर्षीचंच आहे हे तेव्हा माहीतच नव्हतं, फार वाईट वाटलं होतं.

आता माती भुसभुशीत ठेवते, वाळू थोडी जास्तच, भोकं मोकळी. पानं पिवळी पडायला लागली की पाणी कमी करत करत बंद, आणि कुंडी अवकाळी पाऊस लागणार नाही अशा कोपऱ्यात. रोपं वाढवायची तर बियांपेक्षा मुळं वेगळी करून लावणं सोपं, बी खूप कमी उगवतं. फक्त प्रत्येक मुळाला वरच्या बुडाचा छोटा तुकडा राहिला पाहिजे, डोळा तिथेच असतो, नुसती गाठ पुरली तर काहीच येत नाही. मग जूनमध्ये कुंडी परत उघड्यावर ठेवायची आणि रोज सकाळी डोकावायचं.