नळीतला वायू आणि स्वयंपाकघराची वरची झडप

गोव्याच्या शहरी भागांत इमारतींच्या भिंतींवरून पिवळ्या नळ्या चढताना दिसू लागल्या आहेत आणि पर्वरीतल्या आमच्या इमारतीतही नैसर्गिक वायूची जोडणी झाली आहे. शेजारी विचारतात ते दराबद्दल, किंवा सिलिंडर नोंदवण्याच्या कटकटीतून सुटका होईल का, याबद्दल. प्रश्न रास्तच आहेत. पण हा वायू सिलिंडरमधल्या गॅसपेक्षा वेगळा वागतो, ही बाब मला त्याहून महत्त्वाची वाटते, कारण जुन्या गॅसमुळे अंगवळणी पडलेल्या सवयी आपण नव्या जोडणीवरही तशाच चालवणार आहोत.

सिलिंडरमध्ये दाबाखाली द्रवरूप झालेले प्रोपेन आणि ब्युटेन असतात. त्यांचा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असल्यामुळे गळती झाली की तो जमिनीलगत, ओट्याखाली साचतो. नळीतून येणारा वायू हा मुख्यतः मिथेन असतो. त्याचे वजन तेवढ्याच हवेच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक भरते, त्यामुळे तो वर चढतो आणि छताशी जमतो. हवेतले त्याचे प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान असेल तर एखादी ठिणगीही पुरते. त्याला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून मरकॅप्टनसारखे उग्र वासाचे द्रव्य त्यात मुद्दाम मिसळलेले असते.

गोव्यातल्या जुन्या कौलारू घरांत कौलांच्या फटींतून हवा सतत खेळती राहत असे. सदनिकांत तसे होत नाही. मृगाचा पाऊस सुरू होण्याआधी आपण स्वयंपाकघराच्या वरच्या झडपेला प्लास्टिक ठोकतो आणि ते चतुर्थीपर्यंत, कधी त्यानंतरही तसेच राहते. काही ठिकाणी छताखाली शोभेचे दुसरे छतही केलेले असते. नैसर्गिक वायू वापरणाऱ्या घरात ही वरची वाट बंद करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पावसाची झड अडवायची असेल तर तिरप्या पट्ट्यांची झडप बसवावी. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून निर्धास्त राहणेही बरोबर नाही, कारण वास आल्यावर पंख्याचे बटण दाबणे हाच धोका असतो. अशा वेळी कोणतेही बटण चालू किंवा बंद न करता शेगडीच्या नळीवरची तोटी बंद करावी, खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर जाऊन पुरवठादाराच्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

हा वायू येतो कुठून? देशात मुंबई हाय, वसईचे समुद्री क्षेत्र, कृष्णा-गोदावरी खोरे, आसाम आणि त्रिपुरा येथे तो सापडतो, मात्र गरजेचा जवळपास निम्मा हिस्सा आयात करावा लागतो. उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केल्यावर त्याचे आकारमान सुमारे 600 पटींनी घटते, म्हणूनच कतारसारख्या देशांतून तो जहाजाने आणणे परवडते. गोव्याला पुरवठा होतो तो 2013 मध्ये सुरू झालेल्या दाभोळ-बंगळूर वाहिनीच्या शाखेतून. झुआरीनगरचा खत कारखाना नाफ्थ्यावरून (खनिज तेलापासून मिळणाऱ्या द्रवावरून) वायूवर आला तो याच वाहिनीमुळे. घरगुती जोडण्या त्यानंतरच्या.

जोडणीच्या दिवशी तंत्रज्ञाने शेगडीचे जेट काढून बारीक ड्रिलने त्याचे छिद्र मोठे केले. तेवढ्याच आकारमानाच्या मिथेनमधून सिलिंडरच्या गॅसच्या निम्म्याहूनही कमी उष्णता मिळते, शिवाय नळीतला दाबही कमी असतो, त्यामुळे जुन्या छिद्रातून ज्योत पुरेशी येत नाही. अशी बदललेली शेगडी गावच्या घरी नेऊन पुन्हा सिलिंडरला जोडू नये. ज्योत पिवळी आणि बेसुमार मोठी होते. मीटर घनमीटरमध्ये वापर मोजतो, आणि 14.2 किलोच्या एका सिलिंडरएवढी उष्णता सुमारे 18 घनमीटर वायूतून मिळते, एवढे लक्षात ठेवले की दराची तुलना घरबसल्या करता येते.