पंच म्हणजे पाचच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लग्नात, भिशीत, लिफ्टमध्येसुद्धा विचारतात, "तू बारमध्ये असतेस ना, मग सांग, दारूचं ते पंच, त्याचं नाव आपल्या 'पाच'वरूनच आलं ना?" त्या 'च'वरूनच कळतं की उत्तर ठरलेलं आहे, मी फक्त मान डोलवायची.

नाही असं मी कधीच म्हणत नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर 1673 च्या सुमारास या किनाऱ्यावर होता. गोव्याच्या अरॅकचं, म्हणजे ताडीपासून गाळलेल्या दारूचं, कौतुक करून त्याने स्वच्छ लिहिलंय की इथले इंग्रज तिचं 'पॉंच' करतात, म्हणजे हिंदुस्थानीत पाच, कारण त्यात पाच जिन्नस. अरॅक, साखर, लिंबू, पाणी, मसाला. झालं समाधान?

माझं होत नाही. 1638 मध्ये सुरतेला आलेल्या मँडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने याच पेयाची कृती दिलीय, त्यात चारच जिन्नस आहेत. मुंबई सरकारच्या 1694 च्या हुकुमात तर गिऱ्हाइकाने एक क्वार्ट गोव्याची अरॅक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचं पाणी मागून पंच स्वतःच करून घ्यावं, असं आहे. भांड्यावर बाजार-कारकुनाचा शिक्का नसेल तर ते खुशाल फोडावं, पैसे द्यायचे नाहीत! (असा कायदा आज हवा होता.) शिवाय तेव्हाचे इंग्रज 'पुंच'च्या जवळचा उच्चार करायचे, त्यात आपला 'पा' कुठे बसवायचा? खलाशांच्या 'पंचन' नावाच्या पिपावरून शब्द आला, असंही एक मत आहे.

म्हणून आमच्या हॉटेलातल्या एका टेस्टिंगच्या कार्डावर मी 'बहुधा पाचवरून' असं लिहिलं. एका काकांनी माइक मागून घेतला. "मराठी मुलगी, आणि आपल्याच शब्दाला बहुधा म्हणते!" टाळ्या पडल्या. मी मँडेल्स्लो सांगायला लागले, पण ऐकतंय कोण. मॅनेजर सगळ्यांदेखत म्हणाले, "सॉरी म्हण आणि विषय संपव." म्हटलं सॉरी. कशाबद्दल, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. हेही गिळलं असतं. पण मी काम करते ती जागा बघायला बाबा त्या रात्री पहिल्यांदाच आले होते. बारा वाजेपर्यंत दारू ओतणारी मुलगी त्यांनी नातेवाइकांपुढे कशी सांभाळून घेतली, ते मला माहीत आहे. टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही होते. रिक्षात म्हणाले, "अगं, हो म्हणायला तुझं काय जात होतं?"

काय जात होतं? मला नीट सांगता आलं नाही, अजूनही येत नाही. हट्ट म्हणा हवं तर.

कोर्स करत असताना मीही पाच बोटं नाचवून हीच गोष्ट सांगायचे. ती मुलगी अजून भांडते माझ्याशी: फ्रायर इथे होता, त्याने कानांनी ऐकलं, आणि साडेतीनशे वर्षांनी तू त्याला उच्चार शिकवतेस? तिचंही खोडून काढता येत नाही. एखाद्या दिवशी तिचं पटतं, मग पुन्हा ती चार जिन्नसांची कृती आठवते.

'बहुधा' मी अजून काढलेला नाही. पुढच्या कार्डावरून हॉटेलने काढला, तो भाग वेगळा.

आणि लगेच 'कॉकटेल'कडे वळणार असाल तर एवढंच पक्कं आहे: 1806 साली न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने व्याख्या छापली. कोणतीही दारू, साखर, पाणी, बिटर्स (कडू वनस्पतींचा अर्क). कोंबड्याच्या शेपटीचं दुसऱ्या कुणाला विचारा.